अंतरपाटाचं एक टोक

तुमच्या सख्ख्या बहिणीने लग्नात बोलायचे शब्द एका परक्या बाईकडून तयार करून घेतले, आणि घरात लिहिणारी म्हणून तुमचीच ओळख असली, तर तुम्ही समोर बसून टाळ्या वाजवाल का?

हो म्हणायची घाई करू नका. मीही आधी हो म्हणाले होते. "लग्न तिचं आहे, तिला हवं ते तिने करावं," असं मैत्रिणींना सांगत होते, आणि इतकं ठणकावून सांगत होते की त्यातली एक म्हणाली, "बरं बाई, आम्ही कुठे काय म्हटलं?"

आमच्या घरी पत्रकं आधी आली, मी नंतर. आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर बाबा भांडुपच्या एका कारखान्यात लागले आणि तिथल्या युनियनची पत्रकं लिहू लागले. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली छापील कागदांचे गठ्ठे असायचे आणि आम्ही दोघी बहिणी त्यांच्या घड्या घालायचो. घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला कायम कुलूप असायचं, त्यावर मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. बाबांनी त्यातला 'कृपया' खोडला. हक्क मागताना कृपया लिहायचं नाही म्हणाले. आईने तो परत लिहिला. कुलूप उघडलं, आणि ते कोणामुळे उघडलं यावर आमच्या घरात अजून वाद आहे.

धाकटीला लिहिता यायचं नाही. तिला आवाज होता. शाळेत वक्तृत्व स्पर्धा आली की भाषण मी लिहायचे, पाठ ती करायची. मी समोरच्या रांगेत बसून ओठ हलवायचे. ती एखादं वाक्य विसरली की माझ्या ओठांकडे बघायची आणि गाडी पुढे जायची. ढाली सगळ्या तिच्या नावाच्या. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण टाळ्या कुठल्या वाक्यावर पडल्या ते मला माहीत असायचं.

म्हणून तिच्या लग्नात काय बोललं जाईल, हे मी माझ्यापुरतं कधीच ठरवून टाकलं होतं. मी लिहिणार. कन्यादान नाही, कोणी कोणाला दान करत नाही. पाय धुणं नाही. साध्या मराठीत दोन माणसं एकमेकांना काय शब्द देतात, तेवढंच. काही ओळी तर मनात तयारही होत्या.

ती अंधेरीत एका ऑफिसात काम करते. तिथेच तिला तो भेटला, खारदांड्याचा, कोळ्यांच्या घरातला. त्याची आई मासळीबाजारात बसते. पोरगा शांत आहे आणि हसताना खाली बघतो. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती एका संध्याकाळी, धाकटी केस पुसत पुसत म्हणाली तेव्हा.

"ताई, आम्ही एक बाई ठरवल्यात."

"कसल्या बाई?"

"लग्न लावणाऱ्या. पार्ल्याच्या आहेत. त्या आधी आपल्याशी खूप बोलतात, घरच्यांशी बोलतात, आणि मग त्या दोघांसाठी वेगळा विधी तयार करतात. मराठीतच. मंत्रबिंत्र नाही. आपलंच सगळं."

"आपलंच आहे तर त्या कशाला?"

ती केस पुसत राहिली. ते एव्हाना वाळलेही असतील.

आई आतून म्हणाली, "भटजी नको म्हणून आता भटजीण हाडलंस होय?" आई मालवणकडची. चिडली, खूष झाली किंवा टोमणा मारायचा असला की तिचं मालवणी बाहेर येतं. बाकी वेळ ती आमच्यासारखं बोलते.

आमच्या घरात कुठलीही गोष्ट नुसती ठरत नाही. मतदान होतं. ही बाबांची पद्धत. जेवायला बसल्यावर ठराव मांडायचा, मग बाबा विचारणार, "बाजूने? विरोधात? तटस्थ?" हात वर करायचे. लहानपणी गणपतीला गावी जायचं की नाही इथपासून ते टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा इथपर्यंत सगळं असंच ठरलं. नियम एकच कडक होता. विरोध करणाऱ्याने उपसूचना दिली पाहिजे. नुसतं नाही म्हणून पळायचं नाही, मग काय हवं ते सांगायचं. आई बहुतेक वेळा तटस्थ असायची. भाकऱ्या थापताना विचारलं की म्हणायची, "माझे हात पिठात आहेत, माझं मत टाका कुठेही." विरोधात बहुधा मी. आणि धाकटी? ती आधी माझ्याकडे बघायची, मग हात वर करायची.

त्या दिवशी बाबांनी बाईंचा ठराव मांडला. मी आधी भाषण केलं. म्हटलं, लग्नातली मध्यस्थी मोडायला आपल्या पिढ्या गेल्या आणि आता आपण नवा मध्यस्थ पैसे देऊन आणतोय. भावनांचं कंत्राट देतोय. दोन माणसांना एकमेकांशी बोलायला तिसरं माणूस भाड्याने लागत असेल तर आपण केलं काय इतकी वर्षं?

बाबा म्हणाले, "मुद्दा आहे. पण आवाज कशाला चढलाय?"

"मुद्द्याचा चढलाय."

"बाजूने?"

बाबांचा हात वर गेला. धाकटीचा हात वर गेला. तिने माझ्याकडे बघितलं नव्हतं. ताटाकडे बघत तिने हात वर केला होता, आणि त्या हाताचं चित्र मी आजही काढून दाखवू शकते, मनगटावर काळा धागा, बोटांना आमटी.

विरोधात मी. आई पिठात.

"उपसूचना?" बाबांनी विचारलं.

"मी लिहीन," मी म्हटलं.

"उपसूचनेच्या बाजूने?"

माझा एकटीचाच हात. मी तो जरा जास्त वेळ वर ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी साड्या बघायला बाजारात गेलो होतो. दुकानदार एकामागून एक घड्या मोडत होता. मी विचारलंच. "मी का नको?"

"साडी बघ ना."

"मी का नको ते सांग."

तिने एक पदर खांद्यावर टाकून बघितला. "पाचवीपासून मी तुझीच वाक्यं बोलतेय, ताई. भारी होती. बक्षिसं मिळाली. पण तुझं वाक्य विसरले की मला चुकल्यासारखं वाटतं. माझं विसरले तर दुसरं सुचेल."

"मग लिही तूच. ती बाई कशाला?"

"मला माझं कुठलं ते माहीत नाही ना. त्या शोधून देतात." मग दुकानदाराला म्हणाली, "दादा, ही नको, पिवळी दाखवा."

आता मत्सराबद्दल बोलू. पत्रकात हा शब्द येत नाही. आमच्याकडे शोषण असतं, अन्याय असतो, संताप असतो, मत्सर नसतो. त्यामुळे तो आला तेव्हा मी त्याला तत्त्व समजले. मला वाटत होतं मी बाजारीकरणाच्या विरोधात आहे. पण धाकटीच्या फोनवर त्या बाईंचा मेसेज आला की माझ्या पोटात कळ यायची, आणि बाजारीकरणाने पोटात कळ येत नाही. धाकटी खिडकीत उभी राहून त्यांना लांबलचक आवाजी निरोप पाठवायची, हळू आवाजात, मध्येच हसून. मला ती कधी निरोप पाठवत नाही. मला विचारते, "दूध आणलंस?"

बाईंनी पहिल्या बैठकीला त्या दोघांबरोबर मलाही बोलावलं. पार्ल्यात स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या इमारतीत पहिला मजला. बाई पन्नाशी उलटलेल्या, केस कापलेले, आधी बँकेत होत्या. मोठ्याने हसायच्या. मला त्या आवडू नयेत म्हणून मी बरीच तयारी करून गेले होते. पण त्यांनी चहा इतका कडक दिला की एक मुद्दा तिथेच पडला.

त्यांनी प्रेम कसं जमलं वगैरे काही विचारलं नाही. विचारलं, "तुमच्या घरी भांडण मिटतं कसं?"

तो म्हणाला, "आई बाजारात निघून जाते. परत येते तेव्हा मिटलेलं असतं."

"आणि नाही मिटलं तर?"

"तर ती उरलेली मासळी आपटते. मग मिटतं."

धाकटी म्हणाली, "आमच्याकडे मतदान होतं."

बाई पुढे सरकल्या. धाकटी सांगायला लागली. अडखळत, मागे जाऊन, पुन्हा पहिल्यापासून. आईचं पीठ, बाबांचं 'विरोधात', उपसूचना, सगळं. माझं घर माझ्यासमोर दुसऱ्याला दिलं जात होतं आणि मी बिस्कीट खात होते. एका जागी ती अडली. "म्हणजे, मी हात वर करते ना, तेव्हा मला..." आणि थांबली.

"तिला म्हणायचंय की..." मी सुरुवात केली.

"तिला म्हणू दे," बाई म्हणाल्या. पाण्याचा तांब्या इकडे दे म्हणावं, इतक्या सहज.

खालून भंगारवाल्याची हाक आली आणि गेली. माझ्या तोंडात तीन चांगली वाक्यं तयार होती. शेवटी धाकटी म्हणाली, "तेव्हा मला ते माझं मत आहे की ताईचं, हे हात वर केल्यावर कळतं."

हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. मला लिहिता आलं नसतं. आणि ते काढून घेणारी बाई शांतपणे चहा पीत होती.

घरी येऊन मी माझा मसुदा लिहून काढला. कोणी मागितला नव्हता. "आम्ही दोघे, आपणा सर्वांच्या साक्षीने, आज जाहीर करतो की" इथून सुरू होऊन तो दोन पानं गेला. घरकामाची समान वाटणी, आडनावाचं स्वातंत्र्य, दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांची सारखी जबाबदारी. एकही मुद्दा चुकीचा नव्हता, आजही नाही. मी तो दोघांना वाचून दाखवला.

धाकटी म्हणाली, "छान आहे गं. कारखान्याच्या गेटवर चालेल."

तो खाली बघून म्हणाला, "ताई, एक विचारू? यात मागण्या आहेत त्या नक्की कोणाकडे केल्यात? माझ्या आईकडे?"

मी पानांची घडी घातली. उत्तर होतं, पण दोन पानांचं होतं.

त्यानंतर बाई एका रविवारी आमच्याकडे जेवायला आल्या. ही त्यांची पद्धत. ज्या घरचं लग्न, त्या घरी एकदा जेवल्याशिवाय त्या काही तयार करत नाहीत. त्याच दिवशी त्याची आई बोंबील घेऊन आली होती. मी बाईंना जरा खोचकच विचारलं, "बायकांनी लग्न लावायचं म्हणजे लोकांना पचत नसेल ना अजून?"

बाईंच्या आधी त्याची आई म्हणाली, "आमच्यात पहिल्यापासून हाय की. धवलारीण. बाईच गानी म्हनते, बाईच लगीन लावते. त्यात काय पचवायचं?"

बाईंचे डोळे चमकले. "तुमच्याकडे कोणी आहे अजून?"

"माझी चुलती हाय. दम लागतो, पन म्हनते."

"लग्नात म्हणतील?"

झालं. बाईंनी आणखी एक माणूस खिशात घातलं. मी खारदांड्याच्या त्या घरी कितीदा गेले होते. चुलती दारात बसलेली असायची, मी तिला "बऱ्या आहात ना?" विचारून पुढे जायचे.

जेवताना बाबांनी विचारलं, अंतरपाट कसला घ्यायचा. अंतरपाट, म्हणजे लग्न लागेपर्यंत नवरा-नवरीच्या मध्ये धरतात तो कापडाचा पडदा, बाईंनी ठेवला होता. त्या म्हणाल्या, सगळं मोडायची गरज नसते, काही गोष्टी नुसत्या सुंदर असतात. बाबांचा ठराव होता की युनियनच्या सभांचं लाल कापड घ्यावं. बाजूने बाबा. नवल म्हणजे विरोधात आम्ही सगळेच. आई सुद्धा, पिठाचा हात वर करून. बाईंनीही हात वर केला.

"पाहुण्यांना मताधिकार नाही," बाबा म्हणाले.

"गप रवा हो," आई म्हणाली. "करूक द्या तिका मतदान. जेवता हा ना आपल्यात."

कापड पांढरं ठरलं. खारदांड्याहून येणार होतं.

"आणि तो धरणार कोण?" बाईंनी विचारलं.

"एका बाजूला त्याची आई," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या बाजूला ताई."

मला माझं काम समजलं. ज्याला काही बोलायचं नसतं त्याला धरायला काहीतरी देतात. मी म्हटलं, "चालेल." तो शब्द मी असा उच्चारला की आईने माझ्या ताटात न मागता आणखी एक बोंबील वाढला.

लग्न मुलुंडच्या एका हॉलमध्ये होतं. वांद्र्याला जाऊन सह्या आधीच झाल्या होत्या, त्यामुळे कायद्याने ती दोघं नवरा-बायकोच होती. हा फक्त लोकांसमोरचा सोहळा. मी पिवळ्या साडीतल्या बहिणीच्या बाजूला, दोन्ही हातांनी कापडाचं टोक धरून उभी. पलीकडे त्याची आई, सोन्याने मढलेली, तिचं टोक असं घट्ट धरून की जणू समोरून वारा सुटलाय. मध्ये कापड, इकडे धाकटी, तिकडे तो.

चुलतीने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हटली. मध्येच दम लागला तेव्हा मागच्या बायकांनी उचलून धरलं. मग दोघं बोलली, एकमेकांना न बघता, कापडाला उद्देशून. तो म्हणाला की भांडण झालं तर मी बाजारात निघून जाणार नाही, गेलोच तर सांगून जाईन. लोक हसले. धाकटी म्हणाली, "मी कशावर तरी हो म्हणते तेव्हा ते माझं होतं का, हे मला नंतर कळतं. तुझ्या बाबतीत आधी कळलं." मग ती विसरली. मला दिसलं, पुढचं तिला आठवत नव्हतं. माझे ओठ हलायला लागले, पण हलवायला काही नव्हतं, मला तिचं भाषण माहीतच नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. कापडाकडे बघत ती जरा हसली आणि म्हणाली, "बाकी घरी सांगते."

सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याच वाक्याला पडल्या. माझे दोन्ही हात कापडात अडकलेले होते.

मग बाई पुढे आल्या. "या घरात कुठलीही गोष्ट मतदानाशिवाय होत नाही, असं मला सांगण्यात आलं आहे. तेव्हा ठराव असा, की हे दोघं आजपासून एकमेकांचे. बाजूने?"

हॉल हसला आणि हात वर गेले. मागच्या टेबलावर आधीच जेवायला बसलेल्यांचे सुद्धा. बाबांचा हात सगळ्यात वर. धाकटीने स्वतःचाही हात वर केला होता, स्वतःच्याच लग्नाला.

"विरोधात?" बाईंनी विचारलं. आणि थांबल्या.

आता हे गंमत म्हणून विचारलं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण विरोधात कोण असं विचारून खरंच थांबायचं नसेल तर विचारू नये, हे मला ज्या माणसाने शिकवलं तो पहिल्या रांगेत बसला होता. आणि मला विरोध होता. लग्नाला नव्हता, त्या पोराला नव्हता. त्या बाईला होता. "बाकी घरी सांगते" ला होता, कारण ते घर आता माझं नव्हतं. माझ्याशिवाय हे सगळं इतकं चांगलं चाललं होतं याला माझा विरोध होता.

मी हात वर केला.

हातात कापड आहे हे मी साफ विसरले होते. एक हात वर गेला, दुसऱ्या हातातून कापड सटकलं आणि माझ्या बाजूचा अंतरपाट सरकन खाली आला. पलीकडे त्याची आई तिचं टोक धरून तशीच उभी. मध्ये ती दोघं, समोरासमोर, वेळेच्या आधी. तो खाली बघायलाही विसरला. चुलतीला वाटलं लग्न लागलं, तिने अक्षता टाकल्या. तिचं बघून सगळ्या हॉलने टाकल्या. वाजंत्रीवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. अक्षतांच्या त्या माऱ्यात माझा एक हात अजून वर होता.

"अध्यक्ष," पहिल्या रांगेतून बाबांचा आवाज आला, "विरोधकाला बोलू द्या."

बाईंनी हात दाखवून वाजंत्री थांबवली. त्या गडबडल्या नव्हत्या. "विरोध नोंदवला," त्या म्हणाल्या. "उपसूचना?"

बंधू-भगिनींनो, मला बोलायला सांगितलं की मी बोलते. गेटवर, सभेत, सोसायटीच्या बैठकीत, कुठेही. दोन पानांचा मसुदा मला पाठ होता. पण धाकटी माझ्याकडे बघत होती. केसांत तांदूळ, डोळे मोठे, घाबरलेली. माझ्या ओठांकडे नाही, माझ्याकडे. मला एवढंच बोलता आलं.

"मला विचारत जा."

आई मागून म्हणाली, "अगो, काय ता?" तिला ऐकू आलं नव्हतं.

धाकटीने विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं. घाईघाईने हो म्हणून गळ्यात पडली असती तर मी तिला कधी माफ केलं नसतं.

"विचारणार नाही," ती म्हणाली. "सांगत जाईन."

"सुधारित ठराव," बाबा म्हणाले. "बाजूने?"

मी हात वर केला. तो वरच होता.

त्यानंतर जे झालं ते मी रागाशिवाय अजून सांगू शकत नाही. लोक रांगेने जाऊन बाईंचं अभिनंदन करायला लागले. "काय कल्पना होती तुमची, बहिणीने विरोध करायचा आणि तिच्याच हातून अंतरपाट सुटायचा." कोणी डोळे पुसत होतं. एक बाई तर मला म्हणाल्या, "तुम्हीही छान केलंत हं. तालीम केली होती का?" मी आईस्क्रीम न घेता बाहेर जाऊन उभी राहिले.

काही दिवसांनी बाईंचा फोन आला. "एक सांगायचं होतं. मी 'विरोधात' म्हणून थांबले ते तुझ्यासाठीच थांबले होते. तू हात वर करशील अशी आशा होती. पण कापडाचं मला सुचलं नव्हतं. ते तुझं."

"ती चूक होती," मी म्हटलं.

"असेल. पण आता दोन घरांनी तेच मागितलंय. बहीण, कापड, सगळं. मी नाही म्हणून सांगितलं. त्यांच्याकडे मतदान होत नाही."

हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा राग आला. त्या बाई मला अजून आवडत नाहीत. धाकटी त्यांच्याशी अजून बोलते, हे मला माहीत आहे, कारण धाकटीनेच सांगितलं. ती मला सांगते. खारदांड्याहून फोन करते, नळाला पाणी कधी येतं, सासू काय म्हणाली, कुठला पापलेट फसवा निघाला. विचारत काही नाही. मी मध्येच "मग तू असं कर ना" म्हणून सुरू करते, आणि ती म्हणते, "सांगतेय फक्त." मी गप्प बसते. दुसरीकडे बघून बसते, पण बसते.

परवा तिने तिथे जेवताना मतदान घेतल्याचं सांगितलं. सासू विरोधात गेली आणि उपसूचना न देता बाजारात निघून गेली. मी इतकी हसले की आई विचारायला आली. मग फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मतदान घ्यायची ती पद्धत तिने माझ्या घरातून नेली, मला न विचारता. पुन्हा कळ आली. येऊ दे.

तर एक काम सांगते, आणि 'कृपया' लिहीत नाही. तुमच्या घरात लग्न ठरलं असेल, मग ते भटजी लावोत, धवलारीण लावो की पार्ल्याच्या बाई, तर आज घरात एकदा नजर फिरवा. कोणीतरी एक जण या लग्नावर जळत असेल. कोण ते तुम्हाला माहीत असतं. त्या माणसाला पत्रिका वाटायला पाठवू नका. अंतरपाटाचं एक टोक त्याच्या हातात द्या, आणि कापड खाली सोडायच्या आधी सगळ्यांसमोर विचारा, विरोधात कोण? विचारल्यावर थांबा. तो हात वर करेपर्यंत थांबा.